करड्या घराचा काठ

कप फुटायच्या आधीचा क्षण माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. अण्णांनी अर्धा राहिलेला चहाचा कप टेबलावर ठेवायला हात पुढे केला. हात थरथरत नव्हता, बोटं घसरली नाहीत, कुणी हाक मारली नव्हती. रोज ठेवतात तसाच त्यांनी कप अलगद खाली टेकवला आणि त्याच्या कानातून बोट सोडवून घेतलं. तिथे टेबल नव्हतं. टेबल त्याच्या चार बोटं पुढे सुरू होत होतं. कप सरळ फरशीवर गेला. चिनीमाती फुटल्याचा कोरडा, छोटासा आवाज झाला आणि चहाचा ओघळ सोफ्याच्या पायाकडे धावला. मी ओट्यापाशी उभी राहून सगळं बघत होते. अण्णा लगबगीनं उठले, फडकं शोधायला लागले आणि दोनदा म्हणाले, "लक्ष नव्हतं गं माझं." पण लक्ष होतं. मी बघितलं होतं ना. ते टेबलाकडेच बघत होते.

कपाचं काही नाही. सहांतले पाच राहिले. मला लागलं ते त्यांचं पडेल होणं. मुलीच्या घरी राहायला आलेला बाप काही मोडलं-सांडलं की पाहुण्यासारखा ओशाळतो. कोल्हापूरच्या घरात कप फुटला असता तर "जुनाच होता" म्हणून त्यांनी तुकडे गोळा केले असते आणि पेपर वाचायला घेतला असता.

आमचं हे पुण्यातलं घर आम्ही अडीच वर्षांपूर्वी नव्यानं करून घेतलं. भिंती ऑफ-व्हाइट. फरशी राखाडी, मॅट. सोफा त्याहून किंचित गडद राखाडी, पडदे बिस्किटी लिननचे, आणि सोफ्यापुढचं ते टेबल सिमेंटच्या रंगाच्या लॅमिनेटचं. इंटिरिअरचं काम बघणारी मुलगी हुशार होती, मनापासून काम करणारी होती. तिनं मला साठ-तीस-दहाचं गणित समजावलं. साठ टक्के मुख्य रंग, म्हणजे भिंती आणि मोठं सामान. तीस टक्के त्याच्या जोडीचा. उरलेले दहा टक्के उठून दिसणारा एखादा रंग, ॲक्सेंट. आमचे दहा टक्के म्हणजे तीन उशा आणि एक फुलदाणी, ती ज्याला टील म्हणत होती त्या रंगाच्या. हे सगळं मी डोळे उघडे ठेवून निवडलं होतं आणि आजही मला ते आवडतं. दिवसभर स्क्रीन, मग सिंहगड रस्त्यावरचे होर्डिंग, ब्रेकचे लाल दिवे, दुकानांच्या पाट्या. घरी येऊन दार लावलं की या राखाडी रंगात डोळे अक्षरशः टेकायचे. आई गेली त्या वर्षी तर या भिंतींनी मला सांभाळलं. काहीच अंगावर न येणारं घर ही त्या दिवसांतली माझी गरज होती, आणि ती या घरानं भागवली. त्यामुळे घराची तक्रार करायला मी बसलेली नाही.

पण अण्णा रंगांतला माणूस.

महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात त्यांनी अडतीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवल्या. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. गादीवर पांढरीशुभ्र खोळ. अण्णा म्हणायचे, गादी पांढरी नसेल तर साडीचा रंग खोटं बोलतो. कपाटातून घडी ओढायची, हवेत एक झटका द्यायचा आणि पदर त्या पांढऱ्यावर असा पसरायचा की समोरच्या बायका एकदम पुढे वाकायच्या. त्यांच्या तोंडी 'हिरवा' असा शब्द नव्हताच. पोपटी होता, शेवाळी होता, मेहंदी, रामा, कच्च्या कैरीचा. 'लाल' नव्हता, डाळिंबी, कुसुंबी, किरमिजी, विटकरी. आमसुली आणि वांगी यांच्यातला फरक ते लांबून, बंद घडीच्या कडेवरून सांगत. आणि कुणी फारच घुटमळलं की स्वतःच म्हणत, "वहिनी, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. चला, बाहेर उजेडात बघू." मग साडीचं एक टोक धरून गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर, दुसरं टोक धरून अण्णा त्यांच्या मागे. भर रस्त्यात, रिक्षा आणि देवीच्या दर्शनाला निघालेली गर्दी यांच्यामध्ये, दोन माणसं एका पदराकडे बघत उभी. ट्यूबच्या उजेडात एकसारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे मी कुठल्याही पुस्तकाआधी त्या पायरीवर शिकले.

असा माणूस गेल्या दिवाळीपासून आमच्या हॉलमध्ये रोज त्या तीन उशांना टेकून बसतो आणि त्यानं त्यांच्याविषयी एक शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आवडल्या नसतील. मुलीच्या घरात कशाला बोला, असं असेल. मलाही ते बरंच वाटलं होतं, कारण "किती गं फिकं घर" हे वाक्य मी त्यांच्याकडून ऐकायला तयार नव्हते.

कप फुटल्यानंतर मी त्यांच्याकडे चोरून बघायला लागले. काय काय दिसलं सांगते. पाण्याचा ग्लास ठेवण्याआधी ते डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर टेकवत, कड सापडली की मग उजव्या हातानं ग्लास ठेवत. बाथरूमच्या दाराशी राखाडी ग्रॅनाइटचा इंचभर उंचीचा उंबरा आहे, अलीकडे-पलीकडे राखाडीच फरशी. तिथे ते आधी पायाचा अंगठा पुढे सरकवून चाचपत. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या स्विचबोर्डावर तळवा फिरवत. आणि मी मोठ्या हौसेनं घेतलेल्या पांढऱ्या, कडा नसलेल्या ताटलीत दहीभात वाढला की भाताची एक कोर कायम ताटलीत उरत असे. अन्नाचा कण न टाकणारा माणूस! मी समजत होते भूक कमी झालीय. मी एकदा त्यांना स्टीलच्या ताटात भात वाढला. ताट लख्ख झालं.

शेवटी एका संध्याकाळी शेजारी बसून विचारलंच. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेबलाकडे हात करून म्हणाले, "तुझं टेबल कुठं संपतंय आणि फरशी कुठं सुरू होतीय, तेच मला कळंना झालंय."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. ते होणारच होतं, अण्णा शहात्तरचे आहेत. पण डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते मी आजवर कधी विचारात घेतलं नव्हतं. मोतीबिंदू नसला तरी वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या बाजूचा उजेड अडवतं. बाहुली लहान होते, अंधारातही पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोचतो. अक्षरांच्या तक्त्यावर नंबर बरा येतो, कारण तिथे पांढऱ्यावर काळं असतं. जिथे राखाडीला राखाडी लागून असतो तिथे नजर हरते. दोन जवळच्या छटा एकमेकींपासून सोडवण्याची ताकद चष्म्यानं परत येत नाही. मी घरी येऊन हॉलच्या दारात उभी राहिले, डोळे बारीक करून बघितलं. माझ्या शांत, एकसंध, नजरेला कुठेही न अडखळू देणाऱ्या घरात खरोखरच कुठली वस्तू कुठे संपते ते कळत नव्हतं. मला जे निवांत वाटत होतं ते त्यांच्यासाठी धुकं होतं.

मग दिवसेंदिवस माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला. काठ.

बिनरंगाचं आपल्याला काही नवीन नाही. आपल्याकडे त्याला छान शब्द आहे, कोरा. कोरं कापड, कोरं मांजरपाट. आमचे आजोबा आयुष्यभर पांढरं धोतर नेसले, पण त्या धोतराला दोन बोटं काठ असे, कधी लाल, कधी जांभळा, आणि तो काठ होता म्हणून निरी नीट बसली की नाही हे लांबून कळे. विदर्भातली करवतकाठी साडी बघा. अंग टसरचं, त्याच्या मूळच्या मधाळ-मातकट रंगाचं, आजच्या भाषेत अगदी न्यूट्रल, आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, गडद रंगात. अण्णा ती साडी दाखवताना अंगाला हात लावत नसत, फक्त काठावरून अंगठा फिरवत. इरकलीचं तर पदराचं सूतच वेगळं, अंगाच्या सुताला एकेक फास घालून जोडलेलं. गर्द अंग संपतं आणि लालभडक पदर सुरू होतो ती रेघ आंधळ्यालाही बोटांनी सापडावी. या सगळ्यांत रंग कुठे आहे? कापड जिथे संपतं तिथे. माझ्या घरात रंग सोफ्याच्या मधोमध ठेवला होता, जिथे कुणाला कधी ठेच लागणार नव्हती.

आमच्या कोल्हापूरच्या घराचंही तेच, हे मला तेव्हा आठवलं. खाली लाल कोबा, भिंतीलगत त्यालाच वीतभर रुंद काळा पट्टा. भिंती वर चुन्याच्या, नीळ घातलेल्या, पण गुडघ्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट. लाकडी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या तोंडाला गेरूचा हात. उंबऱ्यावर आईनं रोज ओढलेली पांढरी रांगोळी आणि तिच्यावर हळद-कुंकू. आजी शेवटची चारपाच वर्षं जवळजवळ काहीच वाचू शकत नव्हती, तरी त्या घरात पहाटेच्या मिणमिणत्या उजेडात भराभरा हिंडायची. मळ दिसू नये म्हणून खालचा रंग गडद, लक्ष्मीसाठी उंबऱ्याला कुंकू, अशी कारणं प्रत्येकाची वेगळी होती, पण सगळे रंग होते काठालाच. आणि नदीकाठी वाढलेल्या माणसाला काठाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आमच्या गल्लीत सकाळचा पहिला प्रश्न असायचा, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आभाळ करडं, पंचगंगा गढूळ, घाटाचा दगड ओला काळा, सगळं एकमेकांत मिसळलेलं. अशा वेळी पाणी नेमकं कुठवर आलंय हे सांगणारी एक रेघ माणसाला हवी असते.

ठरवलं की टेबलाला आणि बाथरूमच्या उंबऱ्याला रंग द्यायचा. मी शेडकार्ड आणलं, लॅमिनेटचे नमुने आणले. माझ्या मनात रंग ठरलेला होता: उशांचा. म्हणजे घराचं गणितही बिघडणार नाही. तो तुकडा मी टेबलाच्या कडेला ठेवला आणि अण्णांना चार पावलं मागे उभं केलं. त्यांनी मान वाकडी केली, दुकानात करायचे तशी, आणि म्हणाले, "हा काठ नव्हे. सावली झाली." माझ्या डोळ्यांना तो निळसर-हिरवा राखाडीवर छान उठत होता. त्यांच्या पिवळावलेल्या भिंगातून त्यातला निळा गळून गेला होता आणि उरलेला रंग करड्याइतकाच गडद होता. मग मोहरीचा पिवळा ठेवला. "हा भिंतीत जातोय." केशरी ठेवला. "बरा आहे, पण संध्याकाळी दगा देईल." आणि हे म्हणत त्यांनी हॉलचा मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा लावला. मला सुचलं नव्हतं. रंग वाईटात वाईट उजेडात तपासायचा! आठ नमुन्यांमधून त्यांनी गडद डाळिंबी उचलला. लगेच तो तुकडा टेबलाच्या मधोमध ठेवून बघितला, पुन्हा कडेला ठेवून बघितला आणि कडेलाच बोट आपटलं. गेल्या दोन वर्षांत त्यांचा इतका ठाम हात मी पाहिला नव्हता.

रंग शेजाऱ्यामुळे बदलतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या महिन्यात याच विषयाचं काही वाचत असताना मला पॅरिसमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सापडली आणि ती मी अण्णांना मराठीत सांगितली. शेव्हरेल नावाचा हा माणूस 1824 साली गोबेलाँ या सरकारी विणकामाच्या कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळा रंग फिका येतोय. त्यानं काळी लोकर तपासली, इतर ठिकाणच्या काळ्याशी ताडून बघितली. रंगात काहीच खोट नव्हती. त्या काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते त्यांच्यामुळे तो फिका दिसत होता. त्यानं पुढे वर्षानुवर्षं हेच तपासलं आणि 1839 साली सविस्तर लिहून काढलं. निव्वळ राखाडीसुद्धा लालाच्या शेजारी ठेवला की किंचित हिरवट भासतो, असलं सगळं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणून तर आम्ही फिक्या साडीवर कधी राणी रंगाची घडी उघडी ठेवत नव्हतो. मागची विकायची नाही."

सुतारकाकांना बोलावलं. ते म्हणाले, टेबलाचा एजबँड, म्हणजे बाजूच्या कडेची पट्टी, बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम. अण्णा खुर्चीवर बसले, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, बाजूला लावून काय उपयोग? बसलेल्या माणसाला वरून दिसायला पाहिजे." मग सुतारकाकांनी वरचं लॅमिनेट चारही बाजूंनी दोन बोटं कापून काढलं आणि तिथे डाळिंबी पट्टी बसवली, सांधा नखाला लागणार नाही इतकी सपाट. "सगळे मॅचिंग मागतात," ते काम करता करता म्हणाले, "काठाचं टेबल पहिल्यांदाच करतोय." बाथरूमच्या उंबऱ्याला लाल खरखरीत पट्टी चिकटवली, स्विचबोर्डाभोवती बारीक गडद चौकट आली. ताटल्या मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकल्या आणि कोल्हापूरहून आणलेली स्टीलची ताटं खाली काढली.

खरं सांगायचं तर पहिले आठ-दहा दिवस मला त्रास झाला. दार उघडलं की नजर सरळ त्या डाळिंबी चौकोनावर जाऊन आदळायची. माझं टेकायचं घर गेलं असं वाटायचं, आणि असं वाटतंय म्हणून स्वतःचा रागही यायचा. रात्री सगळे झोपल्यावर मी एकदा टेबलावर माझी करडी शाल अंथरून बघितली. घर क्षणात पहिल्यासारखं झालं. ती शाल मी बराच वेळ तशीच राहू दिली. मग कधीतरी उचलली. आता सवय झालीय असं म्हणता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. सकाळच्या उजेडात तो काठ मला आवडतो. संध्याकाळी दमून आले की अजूनही कधी कधी बोचतो. आणि त्याच वेळी अण्णा मात्र कड न चाचपता, बातम्यांकडे बघत, काठोकाठ भरलेला कप त्या रेघेच्या आत नेमका ठेवतात.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्याच्या शेवटी झालं. डावा अजून बाकी आहे. डोळा निवळल्यावर पहिल्या संध्याकाळी ते सोफ्यावर बसून एकदा हा, एकदा तो डोळा तळहातानं झाकत होते. "ह्या डोळ्यानं भिंत पांढरी," हात बदलून, "आणि ह्यानं श्रीखंडी." पुन्हा हात बदलून, "पांढरी." मी हसले. ते हसले नाहीत. ते अगदी मन लावून बघत होते. मग त्यांची मान शेजारी वळली. त्यांनी उशी उचलली. डावा डोळा झाकला, उशी जवळ आणली, लांब धरली.

"ही काळी न्हाई होय?"

मी काही बोलायच्या आत ते उठले, टेबलाला वळसा घालून बाल्कनीकडे गेले, जाळीचं दार सरकवलं. पाचचं ऊन कठड्यावर आलं होतं. त्यांनी उशीचं एक टोक धरून ती उन्हात केली आणि दुसरं टोक माझ्या दिशेनं पुढे धरलं. मी जाऊन ते धरलं. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा तो एकसुरी आवाज येत होता. अण्णांनी शिवणीवरून अंगठा फिरवला.

"मोरपंखी म्हणतील लोक," ते म्हणाले. "पण हिरवा जास्त आहे. रामा आहे हा."

आणि उशी उलटी करून मागची बाजू उन्हात धरली.